मुन्न म्हणजे आधी

यल्लाप्पा गेल्याचं मला निपाणीच्या गाडीत कळलं. सकाळची गाडी, काकती नुकतीच मागं पडलेली. कंडक्टर कंग्राळीचाच, यल्लाप्पाच्या पलीकडच्या गल्लीतला. तिकीट फाडता फाडता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तुमचा गवतवाला यल्लाप्पा गेला की ओ, सायेब. काल सांच्याला. धाप लागली ती थांबलीच न्हाय." मी "अरेरे" म्हणालो, आणि त्याच्या पाठोपाठ विचारलं, "शेवटी काही बोलला का रे?" कंडक्टरला वाटलं साहेबांना गहिवरून आलंय. "बोलाय येतंय कुठलं," असं म्हणून तो पुढच्या सीटकडं सरकला. मला सुटल्यासारखं वाटलं. वीस-बावीस वर्षांची ओळख, महिनाभर एका खोलीत राहिलेला माणूस, आणि तो गेल्याच्या बातमीवर माझ्या मनात पहिल्यांदा आली ती सुटका. दुःख त्यानंतर आलं, तेही जरा रेंगाळत.

जलदान विधीला मी गेलो नाही. ऑफिसचं काम पुढं केलं. शोकसभेला मात्र जावं लागलं, कारण तिथं मला बोलायला बोलावलं होतं. समाजमंदिरात बुद्धवंदना झाली आणि येळ्ळूरहून आलेले एक वक्ते उठले. घसा चांगला, मुद्दा ठरलेला. "कानडी कागदानं आमचा माणूस खाल्ला," असं म्हणाले. ज्याला मायबोलीत शिकवलं असतं तर आज अधिकारी झाला असता, त्याला न कळणाऱ्या भाषेत शिकवलं आणि न कळणाऱ्या भाषेत मेमो देऊन घरी बसवलं, असं बरंच काही. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. मग मी उठलो. मीही तेच बोललो, फक्त जरा सावकाश, मध्ये मध्ये थांबून. लोकांना फार आवडलं. खाली बसल्यावर एका गृहस्थांनी माझा हात धरून "तुम्हीच एक त्याला ओळखलंत" असंही म्हटलं. आमच्या सीमाभागात कुठलंही पाप कानडीच्या नावावर टाकलं की कुणी उलटून विचारत नाही, आणि ही सोय मी त्या दिवशी पुरेपूर वापरली. यल्लाप्पाला कानडीनं घालवलं नाही. मी घालवलं. ते कसं, हे या लेखात सांगायचं आहे. पण त्याआधी तो होता कसा ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कुणीतरी एक बिचारा होता. बिचारा तो मुळीच नव्हता.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं बेळगावच्या शेती ऑफिसात हंगामी फील्डमन म्हणून काम करत होतो. हंगामी म्हणजे सहा महिन्यांनी हुकूम संपायचा, साहेबाच्या मनात आलं तर नवा निघायचा. माझं घर शहरातलं. तीन पिढ्या वकिली नाहीतर शाळामास्तरकी, आणि चौथ्या पिढीत मी, दोनदा नापास होऊन शेतीखात्यात येऊन पडलेला. यल्लाप्पा माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्याची आई गंगाक्का आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात भांगलायला गेलेली. खुरपं घेऊन ओळीनं बसायचं आणि पिकातलं तण काढत पुढं सरकायचं, हे भांगलणीचं काम त्यानं आईच्या पाठीवर असल्यापासून बघितलेलं. त्यांच्या घरातला तो पहिला मॅट्रिक. तण कुठलं, हे त्याला दोन पानांवर असताना ओळखू यायचं. मला पाटी लावल्याशिवाय काही ओळखू यायचं नाही.

एकदा कंग्राळीतच एका शेतकऱ्याच्या मळ्यात आम्ही गाजरगवताची माहिती द्यायला गेलो होतो. तेव्हा हे परदेशी तण आमच्या भागात नुकतंच मातायला लागलं होतं. आयात गव्हाच्या पोत्यांतून आलं म्हणत. लोक त्याला एका राजकीय पक्षाच्या नावानं ओळखायचे, आणि साहेब लोकांपुढं ते नाव घ्यायला आम्हाला बंदी होती. तर त्या मळ्यात मी दहा-बारा शेतकऱ्यांपुढं वाकलो, एक कोवळं रोप मुळासकट उपटलं आणि हात वर करून म्हणालो, "हाच तो शत्रू." मळ्याच्या मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी त्याचं गाजर उपटलं होतं, खायचं गाजर. मला काही कळायच्या आत यल्लाप्पा हसत पुढं आला. "बघिटलासा न्हवं? सायेब तुमची परीक्षा घ्यालेत. कुणी वळखलं न्हाय. आता खरं गवत बघा, हे असं असतंय." आणि बांधावरचं गाजरगवत उपटून दोन्ही रोपं त्यानं शेजारी शेजारी धरली. पान सारखं दिसतं, पण चुरगाळलं की वास वेगळा, देठावर लव वेगळी. शेतकरी खूश झाले. परतताना सायकलवरून तो एवढंच म्हणाला, "गाजर तेवढं मालकाला परत द्यायचं हुतं, सायेब. तुम्ही खिशात घातलासा." मी खरंच घातलं होतं. माझी अब्रू त्या दिवशी त्यानं वाचवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी हा प्रसंग पुढं बऱ्याच ठिकाणी विनोद म्हणून सांगितला, मात्र सांगताना उपटणाऱ्याचं नाव बदलून सांगितलं.

त्यानंतर वर्षभरात खात्यानं प्रशिक्षण काढलं. परदेशातून आलेल्या तणांचा बंदोबस्त कसा करायचा, याचा महिन्याचा कोर्स, धारवाडच्या वाटेवरच्या एका सरकारी मळ्यावर. जो कोर्स पास होईल आणि त्यानंतर एक प्रात्यक्षिकाचा प्लॉट नीट करून दाखवील त्याला कायम करणार, असं ठरलं होतं. आमच्या ऑफिसातून आम्ही दोघंच गेलो. कायम होणं म्हणजे काय, हे हंगामी माणसालाच कळतं. मला घरात मान खाली घालून जेवायचा कंटाळा आला होता. यल्लाप्पाचं वेगळं होतं. त्याला आईचं खुरपं काढून घ्यायचं होतं. "एकदा कायम झालो की आई रानात जायची बंद," असं तो जाताना गाडीत म्हणाला होता. खिडकीतून बाहेर बघत, माझ्याकडं न बघता.

शिकवणारे साहेब सगळं कानडीत शिकवायचे. शांत माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा मराठी लोकांना उभं केलं आणि हिंदीत सांगितलं, कळलं नाही तर हात वर करा, मी पुन्हा हिंदीत सांगीन. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शोकसभेत ते कुणी सांगितलं नाही. महिनाभरात मी एकदाही हात वर केला नाही. माझं कानडी चांगलं आहे, अशी माझी ऑफिसात ख्याती होती आणि ती मीच पसरवली होती. खरं तर माझं कानडी भाजी घेण्यापुरतं, रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. पुस्तकी कानडी ऐकलं की मी समजल्यासारखी मान हलवायचो आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचो. यल्लाप्पालाही तेवढंच कानडी येत होतं, पण आपल्याला पुरतं येत नाही हे तो उघड मान्य करायचा. त्यामुळं संध्याकाळी चहाच्या वेळी व्हरांड्यात मी त्याला दिवसभराचं मराठीत सांगायचं आणि त्यानं वहीत लिहून घ्यायचं, असा रिवाज पडला. तेव्हापासून तो मला सायेब सोडून "मास्तर" म्हणायला लागला. आधी चेष्टेत, मग सवयीनं. मला ते आवडायचं. घरात चार पिढ्यांत माझ्याच वाट्याला ते नाव आलं नव्हतं.

रानातल्या कामात मात्र मास्तर तो होता. मिठाचं पाणी करून फवारायचं, ते कुठल्या उन्हात आणि पानाच्या कुठल्या बाजूला, हे त्याला एकदा दाखवलं की हातात बसायचं. गाजरगवताला दाबून टाकायला टाकळ्याचं बी टाकायचं शिकवलं तेव्हा त्यानंच सांगितलं की आमच्याकडं बांधावर टाकळा असला की दुसरं तण येत नाही, आमच्या बायकांना ठाऊक आहे. साहेबांनी एकदा गवताची बारकी बारकी रोपं मांडून ओळखायला लावली. सगळे वह्या चाळत बसले होते. यल्लाप्पानं वहीला हात न लावता एकेक रोप उचलून नाव सांगितलं, मराठीत. साहेबांनी मान हलवली आणि बाकीच्यांना म्हणाले, "इवरिगे गोत्तु." याला माहीत आहे. एवढे दोन शब्द त्यालाही कळले. त्या दिवशी तो दोन वेळा जास्तीचा भात जेवला.

आणि मग ते वाक्य. फळ्यावर साहेबांनी लिहिलं आणि दोनदा वाचलं, "हू बिडुव मुन्न कीळबेकु." हू म्हणजे फूल. बिडुव म्हणजे सोडणं, इथं फुलणं. कीळबेकु म्हणजे उपटलं पाहिजे. एवढं मला येत होतं. अडलं ते मधल्या 'मुन्न'पाशी. हा पुस्तकी शब्द मी कधी ऐकला नव्हता. आमच्या बाजारात 'मुंद' म्हणतात, मुंद म्हणजे पुढं. मुंद होगरी, पुढं चला. मी 'मुन्न' म्हणजे तोच 'मुंद' धरला. फुलं येतात, त्याच्या पुढं, म्हणजे नंतर. शेजारी बसलेल्या गदगच्या पोराला विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं, मुन्न म्हणजे आधी. विचारलं नाही. संध्याकाळी व्हरांड्यात यल्लाप्पाला सांगितलं, "लिही. गाजरगवत फुले आल्यावर उपटावे." त्याची पेन्सिल थांबली. "फुलं आल्यावर? आमची आई तर म्हंती..." मी पुढं बोलू दिलं नाही. "इथं आईचं काय काढतोस? सरकारी शास्त्र आहे हे. लिही." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तोही हसला, ओशाळून, आणि त्यानं लिहिलं. माझ्या वहीत मी आधीच लिहिलेलं होतं, तसंच. भांगलणीत जन्म गेलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते तिच्या मुलाच्या तोंडात आलं होतं आणि मी ते तिथंच अडवलं.

कोर्स दोघंही पास झालो. मला प्लॉट मिळाला जांबोटीकडं, तिथं काम घाणेरीच्या झुडपांचं. मुळं खणून काढायची, फुलांचा काही प्रश्न नाही. यल्लाप्पाला मिळाला निपाणीजवळचा उतार, तंबाखूच्या शेतांना लागून पडीक पडलेला, गाजरगवतानं भरलेला. निपाणीच्या बायका तंबाखूच्या कामात अडकलेल्या, म्हणून त्यानं कंग्राळीहून आठ बायका नेल्या. त्यात गंगाक्का होती. "शेवटचं काम," असं तिला सांगून नेलं होतं. ऑफिसातून हातमोजे यायचे होते ते आले नाहीत, म्हणून बायकांनी हाताला फडकी गुंडाळली. गवत गुडघाभर, अजून कळी नाही. एका आठवड्यात उतार साफ झाला असता. यल्लाप्पानं त्यांना थांबवलं. वहीत लिहिलं होतं, फुले आल्यावर. तो फुलं यायची वाट बघत बसला. गंगाक्का त्याला म्हणाली, "आरं, तण फुलायची वाट कोण बघतंय व्हय रं? फुललं की बी पडतंय." हे मला पुढं त्या बायकांपैकी एकीनं सांगितलं. यल्लाप्पा म्हणाला होता, "आई, शास्त्र हाय ते. मास्तरांनी सांगिटलंय."

उतार पांढरा झाला आणि मग त्यांनी उपटायला सुरुवात केली. फुललेलं गाजरगवत हातानं उपटणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. परागांची पूड तोंडावर, मानेवर, घामात. दुसऱ्या दिवशी बायकांचे डोळे सुजले. चौथ्या दिवशी हातांना फोड आले, फडक्यातून पाणी यायला लागलं. कामावर शेवटपर्यंत राहिली ती गंगाक्का, पोराची नोकरी म्हणून. उपटलेलं गवत त्यांनी बांधावर ढीग लावून वाळवलं, आणि वाऱ्यानं, बैलगाड्यांच्या चाकांनी ते बी शेजारच्या तंबाखूच्या रानांत गेलं. शेतकऱ्यांनी तक्रार केली. तपासणीचा दिवस ठरला.

मला हे कधी कळलं? तपासणीच्या आठ दिवस आधी, एका शनिवारी. बेळगावच्या ऑफिसात मराठी गावांसाठी छापलेली पत्रकं आली होती, त्यांचा गठ्ठा मीच फोडला. त्यावर ठळक अक्षरात होतं, गाजरगवत फुले येण्याआधी उपटावे. तेव्हाच निपाणीची गाडी पकडता आली असती. साहेबांकडं जाऊन सांगता आलं असतं, चूक माझी, त्यानं माझं ऐकलं. फार तर माझं कायम होणं एक वर्ष लांबलं असतं. मी घरी गेलो. रविवारी दुपारी घरातले सगळे झोपले असताना दाढीचं ब्लेड घेऊन वहीतलं 'आल्यावर' खरवडलं आणि त्याच शाईनं त्या जागी 'येण्याआधी' लिहिलं. कागद जरा विरळ झाला होता, म्हणून त्यावर नख घासून गुळगुळीत केला. एवढं मन लावून मी कोर्समध्येही काही केलं नव्हतं.

तपासणीला वरचे साहेब आले. जांबोटीहून मलाही बोलावलं होतं, कारण दोघांचे प्लॉट बघायचे होते, आणि दुभाषा म्हणूनही मीच लागणार होतो. उताराकडं बघून साहेबांनी फक्त वही मागितली. यल्लाप्पानं दिली. साहेबांना मराठी वाचता येत होतं, पण गावाकडचं बोलणं कळत नव्हतं. "फुले आल्यावर" वाचून त्यांनी कानडीत विचारलं, हे कुणी सांगितलं? मी भाषांतर केलं. यल्लाप्पा माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तरांनी." साहेबांनी माझी वही मागितली. मी दिली. त्यांनी वाचली आणि ती यल्लाप्पापुढं धरली. त्यानं ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या वहीकडं बघितलं... त्याच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. तो गोंधळला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मजुरीसाठी थांबलेल्या त्या आठ बायकांकडं, ज्या बांधावर फोड आलेले हात वर धरून बसल्या होत्या. मग म्हणाला, "तर मग माझंच ऐकाय चुकलं असंल." साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय? ते वाक्य मी कानडीत अगदी बरोबर सांगितलं, एक शब्दही चुकलो नाही.

त्याचा हुकूम पुन्हा निघाला नाही. मी कायम झालो, पुढं बढती मिळाली, आज निपाणीला साहेब आहे. दरवर्षी नव्या मुलांना प्रशिक्षण देतो आणि फुलं यायच्या आधी उपटायचं हे तीन-तीनदा सांगतो. मुलं म्हणतात, साहेब या एका मुद्द्यावर फार कडक आहेत. यल्लाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमालीला लागला. गंगाक्काचे हात कधीच बरे झाले नाहीत, आणि तरी ती पुन्हा भांगलायला जायला लागली. आणि यल्लाप्पाला एक खूळ लागलं. दिसेल तिथलं गाजरगवत तो कळी यायच्या आधी उपटायचा. स्टँडच्या मागचं, शाळेच्या आवारातलं, स्मशानाच्या वाटेवरचं. कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसायचे, गवतवाला म्हणायचे. त्याच्या मानेची कातडी काळी पडून जाड झाली, उन्हात गेलं की खाज सुटायची, आणि मग दमा लागला. वखारीतल्या धुळीनं लागला की गवतानं, कुणास ठाऊक.

मला तो निपाणीच्या स्टँडवर भेटायचा. मी टाळत होतो, पण गाडी एकच. भेटला की हसून "मास्तर, बरं हाय न्हवं?" म्हणायचा. एक नवी गोष्ट मात्र त्याच्यात आली होती. काहीही सांगितलं की तो मान वाकडी करायचा, उजवा कान पुढं करायचा आणि तेच वाक्य परत म्हणून दाखवायचा. मी म्हणालो, गाडी सहाची आहे, की तो, "सहाची म्हणालासा न्हवं? सहाचीच?" मी म्हणालो, पाऊस लांबला, की तो, "लांबला... लांबला म्हणालासा." मला वाटायचं, टोमणा मारतोय. इतक्या लोकांत, इतक्या साध्या बोलण्यात, मला आठवण करून देतोय. एकदा माझा तोल गेला. "सारखं काय रे टोचतोस? एकदा काय ते बोलून टाक की!" तो बावरला. "तसं न्हवं, मास्तर... तसं न्हवं." गाडी आली आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या सीटवर बसलो. त्या दिवसापासून मी स्वतःची एक समजूत करून घेतली. त्याला सगळं ठाऊक आहे. गाजराच्या वेळी वाचवलं तसंच त्यानं मला त्या बांधावरही वाचवलं. मोठ्या मनाचा माणूस आहे, अधूनमधून टोचतो, टोचू दे. या समजुतीवर मी इतकी वर्षं बरा झोपलो. एका माणसानं आपल्याला जाणूनबुजून माफ केलंय, यात लाज असली तरी आधारही असतो.

शोकसभा संपल्यावर यल्लाप्पाची मुलगी शोभा जवळ आली. पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. "घरला या की, काका. आज्जी तुमची वाट बघाल्या." मी जायला तयार नव्हतो, पण पन्नास माणसांपुढं नाही म्हणता आलं नाही. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. गंगाक्का भिंतीला टेकून बसली होती. "या मास्तर, बसा," म्हणाली. तिनं हात जोडले आणि मी नजर दुसरीकडं वळवली. वळवली ती चुलीवरच्या कोनाड्याकडं. तिथं एक छोटी बाटली होती, तळाशी थोडं तेल, बुचाच्या जागी कापसाचा बोळा. काहीतरी बोलायचं म्हणून मी शोभाला विचारलं, ते कसलं औषध आहे?

"आप्पांच्या कानात घालायचं तेल," ती म्हणाली. "लसूण घालून आज्जी कढवती. दर आयतवारी."

"कान दुखायचा?"

"न्हाय ओ. दुखत न्हवता. आप्पा म्हणायचे, माझं कान लबाड हाईत, एकदा त्यांनी माझी नोकरी घालवली. म्हणून घालून घ्यायचे. सिव्हिलला दोनदा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान एकदम चांगले आहेत. आप्पांना पटलंच न्हाय." ती जरा हसली. "म्हणायचे, कान चांगलं असतं तर असं झालं नसतं. मास्तर खोटं लिवत न्हाईत."

गंगाक्का तिकडून म्हणाली, "लई वरसं घाटलं तेल. काय गुण आला न्हाय." मग शोभानं चहा आणला. मी तो पूर्ण प्यालो. बशीत सांडलेलाही प्यालो. "येतो," म्हणालो आणि उठलो. त्यानं मला माफ वगैरे काही केलं नव्हतं. टोमणाही नव्हता. सहाचीच म्हणालासा न्हवं, हे तो खरंच विचारत होता, कारण स्वतःच्या कानावरचा त्याचा विश्वास मी ब्लेडनं खरवडून काढला होता. त्या बाईनं फुटलेल्या हातांनी इतकी वर्षं चुलीवर तेल कढवलं आणि ज्याला काही झालेलं नव्हतं त्या कानात घातलं. बरं व्हायला तिथं आजारच नव्हता.

हे छापून आल्यावर ऑफिसनं माझं काय करायचं ते करावं. येळ्ळूरच्या वक्त्यांनी मला सीमेवरच्या जनतेचा वैरी म्हणावं, तेही चालेल. मला एका घरापुरतं बोलायचं आहे. गंगाक्कांना वाचता येत नाही, म्हणून शोभा, तू हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मुन्न म्हणजे आधी. मी त्याला 'आल्यावर' सांगितलं, त्यानं 'आल्यावर' ऐकलं, आणि 'आल्यावर'च लिहिलं. आज्जीला हेही सांग, की कोनाड्यातली ती बाटली आता ओतून टाका. तुझ्या आप्पाचे कान चांगले होते.